व्हीलचेअर द्यायची आहे? आधी मोजपट्टी घ्या

एका खेड्यातल्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत मी एकदा सहा व्हीलचेअर पाहिल्या. सगळ्या एकाच मापाच्या, मोठ्या माणसाला दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीवरून नेण्यासाठी असतात तशा. दोन खुर्च्यांवरचं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नव्हतं. विचारल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, “मुलं बसली की घसरतात हो त्यातून. आणि मैदानात पुढची चाकं रुततात.” त्या देणगीत माझाही वाटा होता. त्यामुळे पुढे जे सांगतोय, त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं आहे.

आम्ही शाळेला एकच प्रश्न विचारला होता: किती खुर्च्या हव्यात? खरं तर तो सगळ्यांत शेवटी विचारायचा असतो.

१. यादी खुर्च्यांची नको, मुलांची करा

“आमच्याकडे पाच दिव्यांग मुलं आहेत, पाच खुर्च्या पाठवा,” असा निरोप आला तर लगेच हो म्हणू नका. त्या पाचांतल्या एकाला कुबड्या पुरतील, एखादीला वॉकर लागेल, कुणाला पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, बसवून काम भागेल. चालू शकणाऱ्या मुलाला दिवसभर खुर्चीत बसवलं, तर आहे ते चालणंही मंदावतं. पण याची दुसरी बाजूही आहे. एखादं मूल घरात भिंतीला धरून चालतं, आणि शाळेपर्यंत येता येता इतकं थकतं की पहिल्या दोन तासांत फळ्याकडे बघायचंही त्राण राहत नाही. अशा मुलाला लांबच्या अंतरासाठी खुर्ची जरूर द्यावी. ‘चालतं का’ यापेक्षा ‘पोहोचल्यावर अंगात काय उरतं’ हे विचारलं की चित्र स्पष्ट होतं.

ज्यांना खुर्चीची सर्वांत जास्त गरज आहे ती मुलं बहुतेकदा हजेरीपटावर नसतातच. शाळेत यायला साधन नाही म्हणून नाव घातलेलं नाही, आणि नाव नाही म्हणून शाळेच्या यादीत ती येत नाहीत. वर्गातल्या पोरांना विचारा. कुणाचा भाऊ, कुणाची शेजारीण घरातच असते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

घरी जाल तेव्हा आईवडिलांशी बोला, पण मुलालाही विचारा: तुला कुठं कुठं जायचंय? मोठ्यांना वाटतं उत्तर ‘वर्गात’ येणार. मला बहुतेक वेळा मैदान, मैत्रिणीचं घर, नाहीतर ‘एकट्यानं संडासला’ असं उत्तर मिळालं आहे. खुर्ची कशी हवी हे पुष्कळसं त्या उत्तरावर ठरतं, म्हणून ते लिहून ठेवा.

२. पैसे जमवण्याआधी माप घेणारा माणूस शोधा

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली कमी साधनांच्या भागांत व्हीलचेअर कशा पुरवाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत: मुलाची नोंद, तपासणी, कोणती खुर्ची हे ठरवणं, पैसे आणि मागणी, खुर्ची तयार करणं, बसवून जुळवणं, वापरायला शिकवणं, आणि शेवटी देखभाल, दुरुस्ती व फेरतपासणी. पैसे चौथ्या पायरीवर येतात. आपण देणगीदार मंडळी थेट तिथं उगवतो आणि बहुधा तिथूनच घरी जातो. आमच्या सहा खुर्च्या खोलीत का पडल्या, हे मला ती यादी वाचल्यावर कळलं.

तुम्हाला लागेल तो फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत यासाठी उपचार करणारा), आणि त्यातही व्हीलचेअर जुळवण्याचा अनुभव असलेला. सगळ्यांनाच तो असतो असं नाही, म्हणून स्पष्ट विचारा: लहान मुलांना खुर्ची जुळवून दिली आहे का? शेवटची कधी? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१२ पासून यासाठी प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही तयार केला आहे. त्यात मूलभूत पातळी वेगळी आणि मध्यम पातळी वेगळी आहे. कुणाच्या आधाराशिवाय ताठ बसू शकणारं मूल पहिल्या पातळीत येतं. मान सावरत नाही, पाठ एका बाजूला कलते, पाय कात्रीसारखे आवळतात अशा मुलाला दुसऱ्या पातळीचं ज्ञान असलेला माणूस लागतो. सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेली, बरीच मुलं या दुसऱ्या गटात असतात. त्यांच्यासाठी स्वतःच्या अंदाजानं काहीही विकत घेऊ नका. चुकीच्या खुर्चीत रोज सहा तास वाकडं बसणारं मूल हळूहळू तसंच वाकडं होत जातं, आणि नीट न बसल्यामुळे गिळताना ठसकाही लागतो.

३. माप: इथं घाई नको

आपल्याकडे मुलांचे कपडे ‘वाढत्या अंगाचे’ घ्यायची सवय असते. सदरा दोन बोटं मोठा घेतला तर काही बिघडत नाही, बाही दुमडता येते. खुर्चीची बाही दुमडता येत नाही. रुंद खुर्चीत मूल एका कुशीवर कलंडतं, चाकापर्यंत हात पोहोचावा म्हणून खांदे फाकवतं, आणि थोड्या दिवसांनी ढकलायचा नाद सोडून देतं. मग सगळे म्हणतात, त्याला जमत नाही.

मूल कठीण, सपाट बाकावर बसवा. पाय खाली टेकलेले हवेत. टेकत नसतील तर पुस्तकांचा गठ्ठा द्या. नितंबांच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठ्याची एकेक वही उभी धरा आणि दोन वह्यांमधलं अंतर मोजा. मोजपट्टी अंगाभोवती गुंडाळून घेतलेलं माप इथं कामाचं नाही. हे अंतर म्हणजे बैठकीची रुंदी. दोन्ही बाजूंना मिळून सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर मोकळं राहिलं तर बस्स, त्याहून जास्त नको.

मग बैठकीची खोली. पाठीच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या वळणापर्यंत मोजा आणि त्यातून तीन ते सहा सेंटिमीटर वजा करा. बैठक याहून लांब झाली तर तिची कड पोटरीला टोचते, मूल पुढे सरकतं आणि पाठीचा कमरेजवळचा भाग मागे गोल होतो. ‘घसरतात हो’ याचं मूळ बहुतेकदा हेच असतं. असं घसरणाऱ्या मुलाला छातीवर ओढणी बांधून बसवलेलं मी पाहिलं आहे. ते धोक्याचं आहे, कारण मूल खाली सरकलं की तीच ओढणी गळ्याशी येते. पट्टा लागणारच असेल तर तो कमरेचा हवा, मांड्या जिथे पोटाला मिळतात तिथून खाली-मागे तिरका जाणारा, आणि मुलाला किंवा शिक्षकांना एका हातानं सोडता येईल असा.

पाय ठेवायच्या पट्टीची उंची टाचेपासून मांडीच्या खालच्या बाजूपर्यंत मोजायची, आणि ती बैठकीवरच्या उशीच्या माथ्यापासून धरायची. उशी विसरलात तर सगळं गणित चुकतं. पाय लोंबकळले की मांडीखाली दाब येतो. पट्टी फार वर असेल तर गुडघे उचलले जातात आणि सगळा भार बुडाखालच्या दोन हाडांवर पडतो. पाठीची उंची मुलागणिक बदलते. स्वतः चाक ढकलणाऱ्या, चांगलं बसणाऱ्या मुलाला खांद्याच्या पात्याच्या खालपर्यंतची पाठ बरी, म्हणजे हात मागे मोकळे फिरतात.

वाढीची सोय करायची असेल तर ती जुळवता येणाऱ्या भागांत शोधा. पायपट्टी खाली सरकते का, पाठ मागे नेऊन बैठक लांबवता येते का, हे बघा. रुंदी मात्र सहसा बदलत नाही, म्हणून ती आजच्या अंगाचीच घ्या.

आता उशी. देणगीत सर्वांत आधी कात्री लागते ती इथं, आणि सर्वांत महाग पडतं तेही इथंच. मणक्याला इजा झालेल्या किंवा स्पायना बायफिडा (जन्मतःच पाठीचा कणा नीट मिटलेला नसणं) असलेल्या मुलांना कमरेखाली बऱ्याचदा संवेदना नसते. आपण बसल्या बसल्या दर काही मिनिटांनी नकळत कूस बदलतो, कारण दुखतं. त्यांना दुखतच नाही. काही तासांच्या सलग दाबानं कातडी आतून मरायला लागते, आणि त्या जखमेत जंतू शिरून जिवावर बेतू शकतं. अशा मुलाला दाब वाटून देणारी उशी नसेल, तर खुर्ची देणं पुढे ढकला. हे कठोर वाटेल, पण उशीविना खुर्ची त्या मुलाला घरातल्या चटईपेक्षा जास्त घातक ठरू शकते. स्पायना बायफिडाच्या मुलांमध्ये लेटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जीही पुष्कळ आढळते, तेव्हा उशी आणि हँडलच्या रबराबद्दल थेरपिस्टला विचारून घ्या.

४. रस्ता स्वतः चालून बघा

मुलाच्या घरापासून शाळेपर्यंत पायी जा. शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा. वाळू, चिखल, खडी, चढ कुठे आहे ते लिहा. घराच्या दाराची रुंदीही मोजा. आमच्याकडून एकदा असं झालं की खुर्ची छान होती, मुलीलाही आवडली, आणि ती घरात शिरेना. बाहेरून चाकाच्या कडीसकट मोजलेली रुंदी दारापेक्षा चार बोटं जास्त होती.

घडी होणारी, मध्ये फुलीसारख्या दांड्या असलेली नेहमीची खुर्ची १९३० च्या दशकातली. खाणीतल्या अपघातात जायबंदी झालेला अमेरिकी अभियंता हर्बर्ट एव्हरेस्ट आणि त्याचा मित्र हॅरी जेनिंग्ज यांनी ती घडवली, आणि तिचा मोठा गुण हा की ती मोटारीत मावते. पक्क्या रस्त्यावर ती उत्तम चालते. मातीत मात्र तिची पुढची छोटी, अरुंद चाकं अडकतात. चाक थांबतं, खुर्ची थांबते, मूल पुढे फेकलं जातं.

खडबडीत जमिनीसाठी दोन गोष्टी पाहा: पुढची चाकं मोठी आणि रुंद आहेत का, आणि पुढच्या व मागच्या चाकांत अंतर जास्त आहे का. अंतर जास्त असेल तर खुर्ची पुढे कोलमडत नाही. राल्फ हॉचकिस या स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या अभियंत्याच्या ‘रफरायडर’ खुर्चीत नेमकं हेच केलेलं आहे. ब्रिटनच्या ‘मोटिव्हेशन’ या संस्थेच्या खुर्चीत पुढे लांब काढलेलं एकच चाक असतं. तीन टेकू असल्यानं जमीन वरखाली असली तरी तिन्ही चाकं टेकलेली राहतात. तोटा असा की लांब खुर्ची वळायला जागा जास्त घेते. घर अगदी लहान असेल तर त्याचाही विचार करा.

मागच्या चाकाचा आस पुढे असेल तर खुर्ची ढकलायला हलकी, पण मागे उलटायला सोपी. नवख्या मुलासाठी तो मागेच ठेवलेला बरा. हात बसला की थेरपिस्ट पुढे घेतील.

५. शाळेचा उंबरठा

खुर्ची येण्याआधी शाळा तयार हवी, नाहीतर चार जण मुलाला उचलून वर्गात नेतात आणि खुर्ची ओसरीवर राहते. रॅम्पचं गणित सोपं आहे: उंचीच्या बारापट लांबी. पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर, तीन पायऱ्यांना, म्हणजे ४५ सेंटिमीटरला, ५.४ मीटर. लोकांना ही लांबी ऐकून धक्का बसतो, मग ते दोन मीटरची घसरगुंडी बांधतात. त्यावर मूल एकट्यानं चढत नाही आणि उतरताना भीती वाटते. दोन्ही कडांना हातभर नाही पण बोटभर उंच काठ हवाच, आणि वर दाराशी खुर्ची सरळ उभी राहील एवढी सपाट जागा.

दार ८० सेंटिमीटर मोकळं असलं तर चालतं, ९० असलं तर निवांत. पूर्ण वळायला साधारण दीड मीटरचं वर्तुळ लागतं.

आणि संडास. मुलं शाळेत पाणी प्यायची टाळतात, कारण संडासला जायची सोय नाही. काही मुली तर वयात आल्या की शाळाच सोडतात. पैसे दोनपैकी एकाच कामाला पुरत असतील, एक जास्तीची खुर्ची किंवा संडासाचं रुंद दार आणि धरायला दांडा, तर मी डोळे झाकून दांडा निवडेन.

६. खरेदी

पुरवठादाराला चार प्रश्न विचारा. सुटे भाग किती दिवसांत मिळतील? पुढच्या चाकाचं बेअरिंग नेहमीच्या बाजारातलं आहे का? ही खुर्ची आयएसओ ७१७६ या व्हीलचेअरच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या चाचण्यांतून गेली आहे का? आणि टायर कोणत्या मापाचं? हा शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. बऱ्याच व्हीलचेअरच्या २४ इंची चाकावर ३७-५४० असं छापलेलं असतं, तर डोंगरी सायकलच्या २४ इंची टायरचा आकडा ५०७ असतो. दोन्ही ‘चोवीस’च म्हणवतात आणि एकमेकांना बसत नाहीत. मी एकदा दोन टायर घेऊन अर्धा दिवस फिरलो आहे.

वापरलेल्या खुर्च्या चालतात, पण आधी जोड तपासा, वेल्डिंगला भेग आहे का, ब्रेक लावल्यावर ढकलली तर सरकते का, बैठकीचं कापड झोळीसारखं लोंबलं आहे का. मोडकी वस्तू दान करणं म्हणजे आपली अडगळ दुसऱ्याच्या घरी पोहोचवणं.

७. बसवायचा दिवस

प्रत्येक मुलाला तास-दोन तास धरा. खुर्चीत बसवल्यावर थेरपिस्टनं कंबर, पाठ, पाय पुन्हा बघायला हवेत, मग मुलानं चालवून दाखवायचं, मग पुन्हा बघायचं. अर्ध्या तासानं मुलाला उतरवून कातडी तपासा. लाली दिसली आणि ती पुढच्या अर्ध्या तासात गेली नाही, तर त्या दिवशी खुर्ची द्यायची नाही.

मुलाला शिकवायचं ते असं: उजव्या चाकाकडे बाजूनं घड्याळ म्हणून बघायचं, दहावर पकडायचं, दोनवर सोडायचं, लांब आणि सावकाश. छोट्या छोट्या झटक्यांनी खांदे दुखतात. संवेदना नसलेल्या मुलांनी अर्ध्या तासाच्या आत एकदा पुढे वाकून किंवा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला झुकून बुड मोकळं करायचं. तास संपायची वाट बघायची नाही. शेजारी बसणाऱ्या दोस्ताला ही जबाबदारी दिली तर तो शिक्षकांपेक्षा कडक निघतो, असा माझा अनुभव.

घरच्यांना आणि शिक्षकांनाही शिकवा. मूल खुर्चीत बसताना आणि खुर्चीतून उतरताना ब्रेक लावलेले हवेत. पायरीवर चढवताना पुढची चाकं उचलून आधी वर टेकवायची, उतरवताना खुर्ची उलटी फिरवून मोठी चाकं आधी खाली घ्यायची. उचलायची वेळ आली तर सांगाड्याला धरायचं. हाताच्या दांड्या आणि पायपट्ट्या सुटून हातात येतात. आणि वर्गमित्रांना सांगा की न विचारता खुर्ची ढकलायची नाही. मुलं हे पटकन समजून घेतात. पाहुणे नाही घेत.

८. कार्यक्रम, फोटो, मालकी

हार, भाषणं आणि मापं एकाच दिवशी ठेवू नका, मापांचा बळी जातो. फोटोसाठी मुलाची आणि पालकांची वेगवेगळी परवानगी घ्या, आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही खुर्ची तितक्याच आनंदानं द्या.

खुर्ची मुलाच्या नावावर करा, शाळेच्या नाही. शाळेच्या मालमत्तेच्या वहीत चढलेली वस्तू सुट्टीत कुलपात जाते, आणि मूल दोन महिने पुन्हा चटईवर. शाळेचं म्हणणं असतं की घरी नेली तर मोडेल. मोडू द्या. वापरात मोडलेली खुर्ची दुरुस्त करता येते.

९. त्यानंतरची दोन-तीन वर्षं

जमलेल्या पैशातला मोठा हिस्सा, माझ्या मते निम्म्याच्या आसपास, यासाठी बाजूला ठेवा. पहिली फेरी महिन्याच्या आत. तेव्हा सुरुवातीच्या तक्रारी कळतात: पट्टा काचतो, ब्रेक सैल आहे, उशी धुतली आणि उलटी घातली. मग दर सहा महिन्यांनी, कारण मुलं वाढतात, आणि वाढणाऱ्या पाठीला चुकीचा आधार फार लवकर नडतो.

खुर्चीसोबत एक पिशवी द्या: दोन ट्यूब, पंक्चरचं साहित्य, पंप, खुर्चीच्या नटांना बसणारे पाने, पुढच्या चाकाची बेअरिंगं, थोडं तेल. गावात सायकल दुरुस्त करणारं कुणी असेल तर त्याला खुर्ची बसवायच्या दिवशीच बोलवा आणि त्याच्या कामाचे पैसे ठरवून टाका. फुकट करून घेतलेली दुरुस्ती दुसऱ्या वेळी होत नाही. घरी आठवड्याला हवा, नट, ब्रेक आणि उशी बघायची. मोठी मुलं हे स्वतः करतात. एका मुलानं तर शाळेतल्या बाकीच्या दोन खुर्च्यांची देखभालही आपल्याकडे घेतली होती, आणि सुट्टीत तो पाने कुणाला हात लावू देत नसे.

मूल मोठं झालं की खुर्ची लहान पडणार. मोठी खुर्ची जुळवून झाल्यावरच जुनी परत घ्या. ती धुवा, उशीचा फोम बदला, चाकं खोलून ग्रीस भरा. आणि जुन्या मुलाच्या मापांचा कागद तिच्यासोबत पुढच्या घरी जाऊ देऊ नका. घाईत कुणीतरी तोच वापरतं.